बाबांची ठासणीची बंदूक माझ्या नावावर होईपर्यंत

शेतीसंरक्षणाची बंदूक वारसाने नावावर करून घेणं हे एक काम नाही. ती तीन कामं आहेत आणि त्यांची दारंही तीन आहेत. बंदूक बाळगायचा परवाना एका दारात, तिच्यात भरायची दारू आणि ती पेटवणारी केप दुसऱ्या दारात, आणि ती जनावरावर चालवायची परवानगी तिसऱ्याच. गावात कुणालाही विचारलंत तर तिन्हींची एकच भेळ करून सांगतात, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. त्यातही मधलं दार, दारू आणि केपांचं, याबद्दल लिहिलेलं मला कुठेच मिळालं नाही. बोटं जायची ती मात्र तिथेच जातात.

आमचं घर वेंगुर्ला तालुक्यात. काजूची कलमं, माडाची बाग, भाताचे चार-दोन कुणगे आणि पाणी पुरलं तर उन्हाळ्यात वायंगण. डुकरं भाताला येतात, माकडं नारळाला येतात आणि आता घाटाखालून सरकत गवेही येतात. बाबांकडे ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छरे ठासून भरायची बंदूक होती, परवाना शेतीसंरक्षणाचा. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे, कलम 13 मध्ये. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या या बंदुकांचं मूळ त्या कलमात आहे.

बाबा ऑगस्ट 2023 मध्ये गेले. बारावा-तेरावा उरकल्यावर पोलीस पाटील काका घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "बाय, बंदूक घरात ठेव नको. बाबा गेले म्हणजे लायसन पण ग्येला." ते अगदी खरं होतं. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक गेला की ती बंदूक घरात असणं बेकायदा होतं आणि कलम 21 प्रमाणे ती विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. आईची तयारी नव्हती. बाबांच्या हातची वस्तू, वर्षसराई होईपर्यंत राहू दे, असं तिचं म्हणणं. काकांनीच तिला समजावलं की जमा केली म्हणजे सरकारला दिली नव्हे, पावती मिळते.

जमा करायला जाताना दोन गोष्टी कराच. नळीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी घरीच ताडून पाहा. आमच्या नळीवरचा नंबर वर्षानुवर्षांच्या तेलपाण्याने बुजला होता. त्यावर खडू घासून कापडाने पुसलं तेव्हा आकडे पांढरे उठले. आणि पावतीवर बंदुकीबरोबर दिलेली प्रत्येक वस्तू लिहून घ्या. माळ्यावर बाबांचा एक डबा होता, त्यात दारूचे खडे झालेले आणि शेजारी हिरवट गंज चढलेल्या केपांची डबी. ती दारू परसात पेटवून टाक, असं दोघातिघांनी सुचवलं. मी डब्याला हातही न लावता ठाण्यात कळवलं. त्यांनी येऊन तो नेला आणि पंचनाम्यात लिहिला. जुनी दारू ओली वाटली तरी सुकली की पेटतेच, आणि जुन्या केपांत काय रसायन आहे ते वरून दिसत नाही.

मग कागद. 2016 च्या शस्त्र नियमांतला 25 वा नियम वारसांसाठी आहे. परवानाधारक वारला तर त्याच्या वारसाला परवाना देता येतो. हयात असतानाही देता येतो: परवानाधारकाचं वय 70 झालं असेल किंवा बंदूक बाळगून 25 वर्षं झाली असतील, तर तो आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. ज्यांचे वडील सत्तरीपुढे आहेत आणि बंदूक आता उचलवत नाही म्हणतात, त्यांनी हे आजच वाचावं. जिवंत माणसाच्या सहीने जे काम सरळ होतं, त्याला मागाहून मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आईचं आणि दादाचं ना-हरकत अशी वरात काढावी लागते. दादा डोंबिवलीला. गणपतीला आला तेव्हा त्याची सही नोटरीसमोर करून घेतली. मुंबईकर भावाबहिणींच्या सह्या ज्यांना हव्यात, त्यांनी चतुर्थी किंवा शिमगा चुकवू नये.

मुलीच्या नावावर बंदूक कशाला, असा प्रश्न आला. अर्थात आला. कायद्याने विचारला नाही, भावकीने विचारला. शेत मी करते, राखण मी करते, एवढंच उत्तर दिलं.

सर्वात जास्त वेळ सातबाऱ्याने खाल्ला. परवाना शेतीसंरक्षणाचा, म्हणजे शेती तुमची असल्याचा पुरावा पाहिजे, आणि कोकणातला सातबारा म्हणजे पणजोबांपासूनची सगळी खानेसुमारी. आमच्या एका गटावर इतकी नावं आहेत की पान उलटावं लागतं. तलाठी भाऊंकडे वारस नोंदीचा अर्ज टाकला, फेरफाराची नोटीस लागली, हरकतीची 15 दिवसांची मुदत गेली, मंडळ अधिकाऱ्यांची सही झाली आणि माझं नाव आईच्या आणि दादाच्या नावाबरोबर चढलं. सामाईक क्षेत्र असेल तर प्रत्यक्ष कसतं कोण हे दाखवणारं काहीतरी जोडा. मी ई-पीक पाहणीची नोंद जोडली. डुकरांनी आडवं केलेल्या भाताचा वनखात्याने नुकसानभरपाईसाठी केलेला पंचनामाही जोडला. तो पंचनामा सगळ्यांत उपयोगी पडला. "वन्य प्राण्यांचा उपद्रव आहे" असं मी शंभर वेळा लिहिण्यापेक्षा सरकारी माणसाने एकदा लिहिलेलं वजनदार.

बाबांचं नाव परवान्यावर एक आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं होतं, म्हणजे घरगुती नावाचा आणि पाळण्यातल्या नावाचा घोळ. त्यासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं आणखी एक प्रतिज्ञापत्र. नोटरी, झेरॉक्स, फोटो असं सगळं धरून दोन हजारांच्या आसपास खर्च या टप्प्यात झाला.

अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो, शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर. वैयक्तिक परवान्यासाठी नमुना ए-1. भरून झाला की प्रिंट काढून सगळ्या कागदांसह सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला, जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा. आपल्याकडे परवाना देणारे अधिकारी जिल्हादंडाधिकारी. सोबत डॉक्टरांचं शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचं प्रमाणपत्र एस-3 या नमुन्यात लागतं. साध्या लेटरहेडवरचं चालत नाही, तेव्हा नमुना छापून घेऊनच डॉक्टरांकडे जा. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि बंदूक घरात कुलपात, मुलांच्या हाताबाहेर ठेवीन, असं लिहून द्यावं लागतं. प्रशिक्षणासाठी मी जिल्ह्याबाहेरच्या एका रायफल क्लबमध्ये गेले. तिथे हातात दिली ती छर्‍यांची एअर रायफल. ठासणीच्या बंदुकीचा तिथे कुणालाच अनुभव नव्हता. तरी एक सवय लागली ती लागलीच: बंदूक रिकामी आहे असं कुणीही सांगितलं तरी नळीचं तोंड माणसाकडे जाता कामा नये.

अर्ज जानेवारी 2024 मध्ये दाखल झाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठाण्यातून फोन आला, पडताळणीला या. हवालदार साहेबांनी विचारलेल्या प्रश्नांतले निम्मे बंदुकीबद्दल नव्हतेच. घरात कोण कोण राहतं, दारू पिणारं कुणी आहे का, गडग्यावरून, पाणंदीवरून शेजाऱ्याशी भांडण आहे का, कोर्टात दावा आहे का. भाऊबंदकीचा दावा चालू असेल तर तो लपवू नका, त्यांना तो आधीच माहीत असतो. मी आमच्या पाणंदीच्या वादाची तारीख-वार सांगितली. ते नुसते हसले आणि लिहून घेतलं.

16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. इथून पुढचं वर्ष निवडणुकांचं. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान 7 मे रोजी झालं. ती संपते न संपते तोवर कोकण पदवीधर मतदारसंघाची निवडणूक, मतदान 26 जूनला. तोवर पाऊस धरला होता आणि तरवा काढायची घाई होती, त्यामुळे जुलैभर मीच ओरोसला फिरकले नाही. ऑगस्टमध्ये एक त्रुटीचं पत्र आलं, सातबाऱ्याचा ताजा उतारा हवा होता. तो दिला. ऑक्टोबरात भात पिवळं पडलं, डुकरं आली आणि 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिताही आली. त्या हंगामात पत्र्याचे डबे वाजवून आणि मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपीत, रात्री जागून भात राखलं. आपल्याकडे निवडणुकीत असलेल्या बंदुकासुद्धा ठाण्यात जमा करायला लावतात, तिथे नव्या परवान्याची घाई कोण करणार. हा कुणाचा दोष म्हणून सांगत नाही. एवढंच, की अर्ज करताना निवडणुकांचं वेळापत्रक समोर ठेवा आणि पुढचा हंगाम गृहीत धरू नका.

23 नोव्हेंबरला निकाल लागले. जानेवारी 2025 मध्ये परवाना हातात आला. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत पाच वर्षांची असते, पूर्वी तीन होती. परवान्यावर युनिक नंबर असतो तो आधी तपासा, मग बंदुकीचा नंबर, मग नळीचं वर्णन. आणि मग तो रकाना बघा जो कुणी बघत नाही: दारूगोळा एका वेळी किती आणि वर्षाला किती घेता येईल तो. दुकानदार तेवढंच देऊ शकतो आणि प्रत्येक खरेदी परवान्यावर आणि त्याच्या वहीत चढवतो. रकाना रिकामा राहिला असेल तर काउंटरवरून हलायच्या आत विचारा.

ठाण्यातून बंदूक सोडवून आणली ती थेट घरी नाही नेली. दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे नेली. ज्या बंदुकीने दीड वर्ष बार काढलेला नाही, शिवाय जी आपल्या जन्माआधीची आहे, तिच्यात दारू घालण्याआधी हे करावंच. त्याने पहिल्यांदा गज, म्हणजे बार ठासायची सळी, नळीत सोडला आणि बाहेर किती राहतो ते बघितलं, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. आत बार भरलेला असेल तर दोन्ही मापांत फरक पडतो. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं खुंटीला लटकलेल्या सापडतात, म्हणून ही तपासणी कुठलीही बंदूक हातात घेताना पहिली. मी गजावर रिकाम्या नळीची खूण कोरून घेतली आहे. मग त्याने नळीच्या बुडाचा आटा पाहिला, आतला गंज पाहिला आणि निपल बदलायला सांगितलं. निपल म्हणजे जिच्यावर केप बसते ती टोची. तिचं भोक वापरून वापरून मोठं होतं आणि मग बार उडताना आग मागे घोड्याकडे फेकली जाते. निपल आणि साफसफाई मिळून बाराशे रुपये झाले.

आता दारू. गावात दारू "मिळते". कागदाच्या पुडीतून, नाव ना गाव. एका दुकानात मलाही अशी पुडी पुढे सरकवली गेली, वर "सगळे हीच नेतत" हे आश्वासन. मी घेतली नाही, कारण त्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ठासणीच्या बंदुकीला काळी दारू लागते, सोरा, गंधक आणि कोळशाची. काडतुसात असते ती बिनधुराची दारू वेगळी वस्तू. ती नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि 1884 च्या सुमाराला फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने ती पहिल्यांदा वापरात आणली. दिसायला दोन्ही काळपट दाणे असू शकतात. पण तेवढ्याच मापात बिनधुराच्या दारूचा दाब इतका चढतो की आपल्या आजोबांच्या वेळच्या नळ्या तो सोसू शकत नाहीत. बारा बोअरची काडतुसं फोडून त्यातली दारू ठासणीच्या बंदुकीत घालणारे आहेत, मी नावानिशी ओळखते. त्यांतल्या एकाच्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत. फटाक्यांची दारू घालणंही तितकंच वाईट. तिच्यात आवाजासाठी आणि उजेडासाठी भलतीच रसायनं असतात.

शेवटी परवानाधारक विक्रेत्याकडे गेले. म्हातारे गृहस्थ, चष्मा कपाळावर. "कसली दारू व्हयी?" म्हणाले नाहीत. आधी विचारलं, "बंदूक खंयची? नळी कोणी बघितली?" कारागिराची चिठ्ठी दाखवली तेव्हा बोलायला लागले. काळी दारू दाण्याच्या जाडीवर ओळखतात. डब्यावर इंग्रजी एफ हे अक्षर असतं, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. बारीक दाणा चटकन जळतो आणि दाब लवकर चढवतो, जाड दाणा सावकाश. छर्‍याच्या रुंद नळीला जाड, लहान नळीला बारीक, असा ढोबळ हिशोब. सगळ्यांत बारीक दाणा नळीत भरायचा नसतोच, तो जुन्या चकमकीच्या बंदुकांच्या कानात घालायला असतो. माझ्या नळीला कुठला चालेल हे कारागिराने चिठ्ठीत लिहिलं होतं, तोच घेतला. किती भरायची याचं मापही त्यानेच पितळी मापट्याला खूण करून दिलं. ते माप मी इथे लिहिणार नाही. ते त्या एका नळीचं आहे. तुमच्या नळीला ते जास्त होईल की कमी, हे मला कळणार नाही आणि मूठ-चिमटीच्या अंदाजाने भरणाऱ्यांनाही कळत नाही.

केपांबद्दल त्यांनी दारूपेक्षा जास्त वेळ घेतला. केप म्हणजे तांब्या-पितळेची इवलीशी टोपी, आत ठोक्याने पेटणारं रसायन. तिचे आकार वेगवेगळे असतात, दहा नंबर, अकरा नंबर आणि त्याहून मोठी मस्केट केप. निपलला ती बोटाने दाबून चपखल बसली पाहिजे. सैल असेल तर खाली पडते किंवा घोड्याच्या ठोक्याने नीट पेटत नाही. घट्ट असेल तर माणूस ती घोड्याने रेटून बसवायला जातो आणि हाच बार अवेळी उडायचा रस्ता. म्हणून मी नवं निपल बसवलेली बंदूक घेऊनच गेले आणि रिकाम्या केपेने माप पाहून मगच डबी घेतली. फुटलेल्या केपेचे तुकडे उडतात, तेव्हा डोळ्यांवर साधा का होईना चष्मा हवा. आणि केप चढवायची ती सगळ्यांत शेवटी, शेतात उभं राहून, नळीचं तोंड मोकळ्या दिशेला असताना. घरातून निघताना चढवून निघणं म्हणजे पेटती चूड घेऊन गवताच्या गंजीतून चालणं.

याच दिवसांत माझ्या भाच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. तो टेक्सासात असतो आणि तिथे कायद्याने परवानगी असल्यामुळे पिस्तुलाची वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरतो. आपल्याकडे हे करायचं नाही. दारूगोळा बनवायला कलम 5 खाली स्वतंत्र परवाना लागतो आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यात तो येत नाही. पण त्याच्या टेबलावरची शिस्त ऐकण्यासारखी होती.

"आत्या, टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा," तो म्हणाला. दुसरा कपाटात, कुलपात. आधीच्या डब्यातली उरलेली दारू नव्यात कधीच मिसळायची नाही. पिस्तुलाच्या दारूंतही झटपट जळणाऱ्या आणि सावकाश जळणाऱ्या असतात. झटपट जळणारी फार थोडी लागते, त्यामुळे काडतूस अर्धंही भरत नाही आणि चुकून दोनदा घातली तरी कळत नाही. म्हणून तो नवशिक्यांना जागा व्यापणारी दारू घ्यायला सांगतो, दोनदा पडली तर ओसंडून दिसते. गोळी बसवण्याआधी तो प्रत्येक काडतुसात बॅटरी मारून बघतो. दारू अजिबातच पडली नसेल तर एकट्या प्रायमरच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या केपेच्या, जोराने गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फाटते. प्रायमरही मनाने बदलायचा नाही. पिस्तुलाचा लहान, पिस्तुलाचा मोठा, रायफलचा, मॅग्नम असे प्रकार असतात आणि जोरकस प्रायमरने तीच दारू जास्त दाब देते. दारू बनवणाऱ्या कंपनीने छापलेल्या तक्त्यात जी दारू, जी गोळी, जो प्रायमर लिहिला असेल तोच घ्यायचा, सुरुवात तक्त्यातल्या खालच्या आकड्यापासून करायची, आणि इंटरनेटवरच्या अनोळखी माणसाचं माप उचलायचं नाही. तो हे सांगत होता तेव्हा मला आमच्याकडची कागदाची पुडी दिसत होती.

कोकणात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे दमट हवा. काळी दारू पाणी ओढते. मी घट्ट झाकणाच्या मूळ डब्यातच ठेवते आणि हंगामापुरतीच घेते, साठा करत नाही. दारू एका कपाटात, केप दुसऱ्या खोलीत, चुलीपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब. बंदूक तिसरीकडे, कुलपात. बार काढल्यावर नळीत जी काजळी राहते तीही पाणी ओढते आणि खाऱ्या वाऱ्यात दोन दिवसांत गंज धरते. बाबा नुसतं खोबरेल लावायचे. कारागिराने सांगितलं की आधी कोमट साबणाच्या पाण्याने काजळी पूर्ण काढ, नळी कोरडी कर आणि मग तेल. तेल आधी लावलं तर काजळी तेलाखाली राहून आपलं काम करत बसते. नवा बार भरण्याआधी नळीत निखारा राहिलेला नाही याची खात्री हवी. दारू डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, मापट्यातूनच, म्हणजे निखारा असलाच तर मापट्यापुरतं पेटेल, हातातला डबा नाही. आणि घोडा पडून बार उडाला नाही तर नळी तशीच मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचं. ओल्या हवेत बार उशिरा उडतो.

तिसरं दार वनखात्याचं. बंदुकीचा परवाना आहे म्हणजे डुक्कर मारायची मुभा आहे, हे आपल्याकडे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला शंकाच येत नाही. तसं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुक्कर येतं, 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत. पिकाची नासधूस होत असेल तर कलम 11 खाली मारण्याची परवानगी मिळू शकते, पण ती वेगळी, लेखी, आणि त्यासाठी अर्ज वनक्षेत्रपालांकडे. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्याकडे नळी वळवायची नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये भात लोंबीला आलं तेव्हा मी पंचनाम्यासह अर्ज दिला. वनरक्षक येऊन वाफे बघून गेले, खुरांचे फोटो काढले आणि परवानगी मिळाली ती मुदतीची आणि गट नंबरापुरती. गडग्यापलीकडे पळालेलं डुक्कर तुमच्या परवानगीत नसतं.

परवानगीची बातमी गावात कागदाच्या आधी पोचली. शेजारचे तात्या संध्याकाळीच पडवीत हजर. "डुकर पडलो काय आमचो वाटो इसरू नको." त्यांना सांगितलं की परवानगीने मारलेलं डुक्करही कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता, वनखात्याला कळवून त्यांच्या ताब्यात द्यायचं. तात्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "मगे मारून फायदो काय?" भात राहतं, म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

प्रत्यक्षात मी डुकरावर एकदाही झाडली नाही. रात्री मांगरातून छर्‍याविना नुसते बार काढले, वर मोकळ्या आभाळाकडे, आणि कळप ओढ्यापलीकडे गेला. दोन-तीन रात्रींनी परत आला. मग जागा बदलून बार काढले. त्याने राखण पूर्ण होत नाही, डबे आणि जागरण सुटत नाही, पण कापणीपर्यंत वरचे दोन कुणगे शाबूत राहिले. खालचा ओढ्याकडचा गेला, त्याची भरपाई मागितली आहे. बार काढणार असाल तर आजूबाजूच्या मांगरांत कोण झोपलंय ते संध्याकाळीच विचारून घ्या आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा, नाहीतर मध्यरात्री ठाण्यात फोन जातो.

राहिलं नूतनीकरण. मुदत संपायच्या दोन महिने आधी अर्ज करायचा. परवान्याची, जमा-पावतीची आणि दुकानदाराच्या बिलांची एकेक प्रत मी मोबाइलमध्ये आणि एकेक दादाकडे ठेवली आहे. निवडणूक लागली की बंदूक जमा करायची नोटीस येते, तेव्हा दारू आणि केप किती उरले तेही लिहून द्या आणि सोडवताना त्याच पावतीवर परत मोजून घ्या.